ब्रेड मेकर घ्यावा का? एका रमजानचा हिशोब

रमजान लागायला आठ दिवस होते. पुण्याहून आमच्या नणंदबाई आल्या आणि सोबत एक जड खोके घेऊन आल्या. खोके उघडले तर आत घरच्या घरी ब्रेड बनवण्याचे यंत्र. "भाभी, महिनाभर वापरून बघा. पटलं तर तुमच्यासाठी नवीन घेऊ. नाही पटलं तर ईदनंतर परत पाठवून द्या," असे म्हणून त्या दुसऱ्या दिवशी परतल्या.

यंत्र मागवण्याची कल्पना खरे तर आमचीच होती. आम्ही बीडमध्ये एका शाळेत शिकवतो. मुलांचे अब्बूही नोकरी करतात. घरात थोरली दहावीला, धाकटा आठवीत आणि सोबत अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई. अम्मींना गेली बारा वर्षे साखरेचा आजार आहे. त्यात वरच्या दाढा काढल्यापासून ज्वारीची भाकरी चावत नाही. चहात बुडवून पाव खाण्याची त्यांना सवय लागली आणि तिथेच डॉक्टरांनी बोट ठेवले. "मैदा बंद करा," ते म्हणाले. आता भाकरी चावत नाही आणि पाव चालत नाही, मग खायचे काय? गव्हाच्या पिठाचा ब्रेड घरीच करता आला तर अम्मींचा प्रश्न सुटेल, आणि पहाटे चारला उठून पोळ्या लाटण्याचे आमचे कामही हलके होईल, असे वाटले.

नव्या यंत्राची किंमत साधारण आठ हजार सांगत होते. आमच्यासारख्या घरात आठ हजार ही विचार करून खर्च करण्याची रक्कम आहे. म्हणून आधी महिनाभर वापरायचे, रोजची नोंद वहीत करायची आणि मग ठरवायचे, असा बेत केला. ती वही समोर ठेवूनच हा लेख लिहीत आहोत. अनेक भगिनींच्या मनात हाच प्रश्न असेल, त्यांना उपयोग व्हावा.

यंत्र करते तरी काय?

दिसायला हे यंत्र झाकणाच्या मोठ्या डब्यासारखे. आत एक भांडे, भांड्याच्या तळाशी फिरणारे छोटे पाते आणि भोवती तापणारी तार. पाणी, पीठ, मीठ, साखर, तेल आणि यीस्ट मोजून टाकायचे आणि बटण दाबायचे. यंत्र पीठ मळते, थांबते, पीठ फुगू देते, पुन्हा थोडे मळते, पुन्हा फुगू देते आणि शेवटी त्याच भांड्यात भाजते. गव्हाच्या पिठाच्या ब्रेडला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. ब्रेड बाहेर काढला की तळाला पात्याच्या जागी एक भोक राहते.

या यंत्राच्या जन्माची हकिगत आम्हा शिक्षकांना विशेष वाटावी अशी आहे. जपानमधील मात्सुशिता या कंपनीने १९८० च्या दशकात ते तयार करायला घेतले. सुरुवातीला ब्रेड बरोबर होईना. वरचे कवच करपायचे आणि आत कच्चे राहायचे. मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटो काढून पाहिले, तरी दोष सापडेना. तेव्हा इकुको तानाका या कंपनीतील महिला अभियंत्याने एक वेगळा मार्ग सुचवला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड त्या शहरात सर्वात चांगला मानला जात होता. त्या तिथल्या मुख्य बेकरीवाल्याकडे शिकाऊ म्हणून गेल्या. पीठ मळताना तो माणूस ते एका विशिष्ट पद्धतीने ताणतो आणि पिळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. तोच पीळ यंत्रात यावा म्हणून भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या आणि ब्रेड जमला.

म्हणजे यंत्रातील अक्कलसुद्धा शेवटी कुणाच्या तरी हाताकडूनच घेतलेली आहे. हे आम्ही अम्मींना सांगितले तेव्हा त्या हसल्या. "वही तो," एवढेच म्हणाल्या.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मैद्याचा ब्रेड केला. उत्तम झाला. घरभर वास सुटला, मुले खूश. पण मैदाच खायचा तर कोपऱ्यावरची बेकरी काय वाईट होती?

दुसऱ्या दिवशी गिरणीतून दळून आणलेले गव्हाचे पीठ घातले. ब्रेड निम्माही फुगला नाही. आतून ओलसर आणि जड. तिसऱ्या दिवशीही तेच. चूक यंत्राची नव्हती. आपल्या पोळीच्या गव्हाचा आणि दगडी जात्यावरच्या दळणाचा स्वभावच वेगळा आहे. जात्यात पीठ बारीक आणि गरम होते, त्यातल्या पिठूळ कणांना मार बसतो आणि ते पीठ पाणी जास्त पिते. पोळी मऊ राहायला हाच गुण कामी येतो. ब्रेडला मात्र चिवटपणा लागतो, तो धरून ठेवणारी प्रथिने लागतात आणि कोंड्याचे टोकदार कण ती जाळी तोडत असतात. त्यामुळे परदेशी कृतीतले पाण्याचे माप आपल्या पिठाला लावून चालत नाही. आम्ही ३५० ग्रॅम पिठाला पाणी वाढवत वाढवत २५० मिलीपर्यंत नेले, पीठ दोनदा चाळले नाही तर एकदाच चाळले, एक चमचा दही घातले, तेव्हा सहाव्या दिवशी खाण्याजोगा ब्रेड झाला. बाजारच्या ब्रेडइतका हलका तो कधीच झाला नाही, पण चवीला गव्हाचा होता.

ज्वारीचा प्रयोगही केला. बीड जिल्हा ज्वारीचा, मग तिचाच ब्रेड का नको, असा धाकट्याचा प्रश्न. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा ग्लुटेन नसतो. म्हणून तर भाकरीच्या पिठाला उकळते पाणी लागते. त्या पाण्याने पिष्ट फुलते आणि पीठ एकमेकांना धरते. यंत्रात ही सोय नाही. नुसत्या ज्वारीचा ब्रेड केला तेव्हा जे बाहेर आले ते पाहून मुलांचे अब्बू म्हणाले, "अंगणातली वीट निघाली होती, तिथे बसवू." चौथा हिस्सा ज्वारी आणि बाकी गहू घेतला तर बरा होतो, एवढे त्यातून शिकलो.

सहरीला काय उपयोग झाला?

यंत्राची सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची वेळ लावण्याची सोय. अशा बहुतेक यंत्रांत बारा-तेरा तास आधी साहित्य भरून ठेवता येते. इशा आणि तरावीह झाली की आम्ही साहित्य भरायचो आणि पहाटे चारला ब्रेड तयार होईल अशी वेळ लावायचो. यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. यीस्ट सगळ्यात वर, कोरड्या पिठात छोटा खड्डा करून ठेवायचे, म्हणजे ते आधीच पाण्याला आणि मिठाला लागत नाही. आणि उन्हाळ्यात दूध घालायचे नाही, रात्रभरात ते नासते. त्याऐवजी दुधाची पावडर वापरायची.

पहिल्या काही सहरी छान झाल्या. गरम ब्रेड, अंडी, खजूर, दही. पण दहाव्या रोज्याच्या रात्री अडीचच्या सुमारास वीज गेली ती पाऊण तास आली नाही. थोडा वेळ वीज गेली तर यंत्र जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. जास्त वेळ गेली तर सगळा कार्यक्रम पुसला जातो. पहाटे झाकण उघडले तर आत फुगून पुन्हा बसलेले पीठ. सहरीला वीस मिनिटे राहिली होती. त्याच पिठाच्या जाड पोळ्या तव्यावर टाकल्या आणि वेळ निभावली. त्यानंतर आम्ही यंत्र इन्व्हर्टरच्या जोडणीवर लावले. आमचे यंत्र ५५० वॉटचे होते. ज्यांचा इन्व्हर्टर लहान आहे त्यांनी आधी वायरमनला विचारावे.

तेराव्या-चौदाव्या रोज्यापासून आणखी एक गोष्ट लक्षात आली. ब्रेड यंत्रात होत होता, पण आम्ही पहाटे उठत होतोच. कारण मुलांच्या अब्बूंना सहरीला पोळी लागते, धाकट्याचे दोन ब्रेडच्या कापांनी भागत नाही, आणि सालन असेल तर ब्रेडबरोबर कुणीच खात नाही. वहीत पाहिले तर महिनाभरात पोळ्या लाटण्याचे काम फक्त सहा दिवस पूर्ण टळले होते. आमचे खरे ओझे पोळी-भाकरीचे आहे, ब्रेडचे नाही, हे यंत्र घरात आल्यावर कळले.

पोळीची यंत्रेही निघाली आहेत. भारतातून सिंगापूरला शिकायला गेलेल्या यांत्रिक अभियंता प्रणोती नगरकर यांनी २००८ पासून पती ऋषी इसरानी यांच्यासोबत आपोआप पोळी करणाऱ्या यंत्रावर काम केले आणि 'रोटीमॅटिक' या नावाने ते २०१६ मध्ये ग्राहकांच्या हाती दिले. एका बाजूने पीठ, पाणी, तेल भरायचे आणि दुसऱ्या बाजूने पोळी बाहेर. पण बाजारात आले तेव्हा त्याची किंमत हजार अमेरिकी डॉलरच्या घरात होती. परदेशात जिथे घरकामाला माणूस नाही आणि दोघेही नोकरीला, तिथल्या कुटुंबांना ते परवडते. आपल्या संसाराचे ते गणित नाही.

पैशांचा हिशोब

आता आकड्यांकडे वळू. हे आमच्या वहीतले भाव आहेत. आपल्या गावच्या भावाप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

गव्हाचे पीठ ३५० ग्रॅम : १४ रुपये
यीस्ट : ५ रुपये
तेल, साखर, मीठ, दुधाची पावडर : ८ रुपये
वीज, साधारण ०.४ युनिट : ४ रुपये
एकूण : ३१ रुपये

यातून सुमारे ५५० ग्रॅमचा ब्रेड होतो. म्हणजे ४०० ग्रॅमला साडेबावीस रुपये पडले. दुकानात गव्हाच्या ब्रेडचे ४०० ग्रॅमचे पाकीट आम्ही ५० रुपयांना घेत होतो. एका पाकिटामागे २७ रुपयांची बचत. ऐकायला चांगले वाटते. पण आमच्या घरात आठवड्याला एकच पाकीट लागते. वर्षाला ५२ पाकिटे, म्हणजे बचत १,४०४ रुपये. आठ हजार रुपये वसूल व्हायला साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर भांड्याचा लेप निघणार, पाते झिजणार. बीडमध्ये सुटे भाग मिळाले नाहीत तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागणार.

ज्या घरात आठवड्याला चार पाकिटे लागतात तिथे हीच रक्कम दीड वर्षात सुटते. म्हणून यंत्र स्वस्त की महाग, हे यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. आपल्या घरात आज किती ब्रेड खाल्ला जातो त्यावर ते ठरते. "यंत्र आले की जास्त खाऊ" असे म्हणून खरेदी करू नये. असे म्हणून घेतलेल्या किती वस्तू आपल्या माळ्यावर पडून आहेत ते एकदा मोजून पाहावे. अल्लाहने खा-प्या म्हटले आहे आणि त्याच आयतीत उधळपट्टीला मनाई केली आहे. इसराफ फक्त अन्नाचा होत नाही, वस्तूंचाही होतो.

आरोग्य आणि हलाल-हरामचा प्रश्न

बाहेरच्या ब्रेडची भीती हे अनेकांचे यंत्र घेण्याचे कारण असते. या भीतीत तथ्य किती?

२०१६ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने राजधानीतील ब्रेड आणि बेकरीच्या ३८ नमुन्यांची तपासणी केली होती. त्यातल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश आढळले. ब्रोमेटने पीठ चांगले फुगते आणि ब्रेड पांढराशुभ्र, मऊ होतो, पण कर्करोगाच्या दृष्टीने ते संशयित मानले जाते. त्या अहवालानंतर त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकले. आता ते वापरणे बेकायदेशीर आहे. घरच्या ब्रेडमध्ये काय पडले ते आपल्याला माहीत असते, ही यंत्राची जमेची बाजू आहे आणि ती आम्ही मान्य करतो.

दुसरा प्रश्न आपल्या घरांत नेहमी निघतो. ब्रेडच्या पाकिटावर ४७१ असा क्रमांक दिसतो. हा पाणी आणि तेल एकजीव करणारा पदार्थ आहे. तो वनस्पती तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. तसेच ९२० क्रमांकाचा पदार्थ पिसांपासून किंवा केसांपासून काढता येतो. म्हणून परदेशात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना चौकशी करावी लागते. भारतात मात्र पाकिटावरच्या ठिपक्याने बरेच काम सोपे केले आहे. हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राणिजन्य पदार्थ, दुधासारखे काही अपवाद सोडून, वापरता येत नाहीत. पाकीट घेताना हिरवा ठिपका पाहावा आणि घटकांची यादी वाचावी. यादीत जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो. नावात 'ब्राऊन' असले आणि यादीत पहिला मैदा असला तर तो मैद्याचाच ब्रेड समजावा.

तिसरी गोष्ट अम्मींच्या साखरेची. आमचा समज होता की गव्हाचा ब्रेड म्हणजे साखरेच्या रुग्णाला मोकळीक. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तो समज दूर केला. बारीक दळलेल्या गव्हाचा ब्रेड आणि मैद्याचा ब्रेड, दोन्ही रक्तातील साखर जवळपास सारख्याच वेगाने वाढवतात. गव्हात कोंडा आणि जीवनसत्त्वे अधिक असतात, तो फायदा आहेच, पण तो मोजूनच खायला हवा. सोबत डाळ, अंडे, भाजी हवी. "घरचा आहे म्हणून चार काप खाऊ नका," असे त्यांनी अम्मींना बजावले. अम्मींसाठी त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. भाकरी पातळ करायची, गरम दुधात किंवा डाळीत दहा मिनिटे भिजवायची आणि चमच्याने खायची. बारा वर्षांपूर्वी अम्मींच्या आई हेच करत असत, हे अम्मींनी परतताना रिक्षात सांगितले. आम्ही हे कधी त्यांना विचारलेच नव्हते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत चाळण्या नव्हत्या. जव दळायचे, फुंकर मारून जेवढा कोंडा उडेल तेवढा उडवायचा आणि राहिलेले मळून घ्यायचे, असे हजरत सहल (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आले आहे. आज आहारतज्ज्ञ कोंड्यासकट खा म्हणतात, तेव्हा ही हदीस आठवते.

कोपऱ्यावरची बेकरी

विसाव्या रोज्याच्या सुमारास इफ्तारचे पाव आणायला धाकटा गेला होता. बेकरीवाल्या चाचांनी त्याला विचारले, "बरेच दिवस दिसले नाहीत, घरात सगळे ठीक ना?" धाकट्याने यंत्राचे सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा चाचा म्हणाले, "मॅडम, मशीन चांगलीच असेल. पण सगळ्यांनी मशीन घेतली तर माझी भट्टी कुणासाठी पेटवू?" ते हसत म्हणाले, तरी बोलणे मनाला लागले.

मराठवाड्यात भट्टीची रोटी जुनी आहे. औरंगाबादच्या नान-खलियाचे नाते लोक मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली त्या काळाशी जोडतात. एवढ्या लष्कराला एकाच वेळी जेवू घालायचे तर भट्टीत शेकड्याने भाजता येणारा नान हाच उपाय होता, असे सांगितले जाते. पाव मात्र पोर्तुगिजांमुळे गोव्यात आला आणि तिथून मुंबईमार्गे सगळीकडे पसरला. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे आपल्या दस्तरखानावर हैदराबादची छाप आहे. नान, कुलचा, शीरमाल, उस्मानिया बिस्किटे. आपल्यापैकी अनेकांची घरे बेकरीच्या धंद्यावर उभी राहिली आहेत.

हा धंदा आता अडचणीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश दिले. हवेचा विचार केला तर आदेश योग्यच आहे, पण भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाल्याला जड जातो. आज मुंबईत आहे ते उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी येईल, हे चाचाही जाणून आहेत. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो या धंद्यात येणार नाही.

बोलता बोलता चाचांनीच जुनी आठवण काढली. पूर्वी ईदच्या आधी घरोघरचे लोक रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत यायचे आणि नानखटाई भाजून न्यायचे. आता तयार डबे घेतात. "तुमच्या मशीनमध्ये पीठ मळा आणि इथे घेऊन या. अकराच्या नंतर भट्टी गरमच असते, रिकामी असते," ते म्हणाले.

आम्ही तसे केले. या यंत्रात नुसते पीठ मळून फुगवून देण्याचीही सोय असते. गहू आणि थोडा मैदा मिळून सव्वा तास मळले-फुगवले, अम्मींनी हाताने बारा नान थापले आणि ट्रे भट्टीत दिला. दहा मिनिटांत जे नान निघाले तसे यंत्रात कधीच झाले नव्हते. भट्टीच्या आचेला घरच्या तारेची आच पुरी पडत नाही. चाचांनी ट्रेचे चाळीस रुपये घेतले. ईदच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या पाच घरांचे ट्रे चाचांकडे गेले.

मग ठरले काय?

ईदनंतर यंत्र स्वच्छ पुसून खोक्यात भरले आणि पुण्याला पाठवले. नवीन घेतले नाही.

तरीही कुणीच घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या अनुभवावरून असे वाटते :

आठवड्याला तीन-चार पाकिटे ब्रेड लागतो, घरात नियमित वीज आहे, जवळ चांगली बेकरी नाही, किंवा एखाद्याला दुकानच्या ब्रेडमधला एखादा घटक सोसत नाही, अशांनी जरूर घ्यावे. परदेशी असलेल्या कुटुंबांना, जिथे हलालची चौकशी प्रत्येक पाकिटाला करावी लागते, तिथे तर ते फार कामाचे आहे.

ज्या घरात मुख्य जेवण पोळी-भाकरीचे आहे, त्यांनी पोळीचे काम वाचेल या आशेने घेऊ नये. ते वाचत नाही. पीठ मळण्याचाच त्रास असेल तर नुसते पीठ मळणारे यंत्र कमी पैशांत मिळते.

घ्यायचेच असेल तर आधी कुणाचे तरी आणून पंधरा दिवस वापरावे. भांडे आणि पाते सुटे मिळते का ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. तराजू घ्यावा, वाटीच्या मापाने ब्रेड होत नाही. मार्च ते मे महिन्यांत गार पाणी वापरावे, आपल्याकडच्या उष्णतेत पीठ फार लवकर फुगते आणि भाजण्याआधीच बसते.

राहिला आमच्या पहाटेच्या चारचा प्रश्न. तो यंत्राने सुटला नाही, पण यंत्रामुळे तो घरात बोलला गेला. वहीतली ती नोंद, महिन्यात फक्त सहा दिवस पोळ्या टळल्या, थोरलीने मोठ्याने वाचून दाखवली. मुलांचे अब्बू काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पीठ मी मळत जाईन, रात्री झोपण्याआधी." हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले होते की प्रेषित (स.) घरात काय करत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्या कामात हात लावत असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. अंमल मात्र आता सुरू झाला.

शाळा उघडल्यापासून रात्री पीठ अब्बू मळतात. धाकटा लाटायला शिकतो आहे, त्याच्या पोळ्यांचे नकाशे अजून होतात. आम्ही पहाटे चारऐवजी पावणेपाचला उठतो. अम्मींची भाकरी पातळ करून डाळीत भिजवतो. गेल्या तपासणीला त्यांची साखर थोडी उतरली होती, अलहम्दुलिल्लाह. शुक्रवारी एक ट्रे नानचा चाचांच्या भट्टीत जातो.

त्या आठ हजारांपैकी काही रक्कम थोरलीच्या दहावीच्या पुस्तकांना लागली. उरलेली अजून बाजूला आहे. नणंदबाईंनी फोनवर विचारले, "भाभी, मग पसंत नाही पडलं का?" आम्ही सांगितले, पसंत पडले, पण आमच्या घराला त्याची गरज नव्हती. पुढच्या रमजानमध्ये तुम्हीच या, नान खायला.